कृपा, प्रीती, सहभागिता

कॉलेजात असताना एका ख्रिस्ती मित्राला मी चारचौघांत विचारले होते, "एक अधिक एक अधिक एक म्हणजे तीन. मग तुमचा देव एक कसा?" सगळे हसले. तो गप्प बसला. तौहीद, म्हणजे ईश्वराचे एकत्व, हा माझ्या श्रद्धेचा पाया. त्यामुळे आपले काही चुकले असे तेव्हा मला वाटले नाही.

पुढे त्याची आई वारली. दफनविधीच्या शेवटी पाळकांनी हात उंचावून आशीर्वाद दिला. त्यात तीन नावे होती आणि तीन देणग्या: येशूची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. तोवर ताठ उभा असलेला माझा मित्र त्या शब्दांसरशी मोकळेपणी रडला. ज्या गोष्टीवर मी हशा पिकवला होता, तिच्याच आधारावर तो उभा होता.

मग मी वाचू लागलो. 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही. पहिले ख्रिस्ती मूळचे यहुदी, एकाच ईश्वराला मानणारे. पण येशूच्या ठायी आपल्याला देवच भेटला आणि त्याच्यानंतरही देव आपल्या अंतरात राहतो, असा त्यांचा अनुभव होता. एकेश्वरनिष्ठा सोडायची नव्हती, अनुभवही नाकारवत नव्हता. या ओढाताणीतून सिद्धान्त घडला. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्मा पिता-पुत्रांबरोबर आराधनेस पात्र मानला. तत्त्व एक, व्यक्ती तीन.

आपल्याकडे हे ऐकताच त्रिमूर्ती आठवते. पण तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामे वाटलेली आहेत. त्रैक्यात तशी वाटणी नाही. पाणी, बर्फ, वाफ हा दाखलाही अपुरा, कारण मग एकच देव तीन रूपे पालटतो असे होईल. संत ऑगस्टीन यांनी दाखला दिला तो प्रेमाचा: प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि स्वतः प्रेम. जग नव्हते तेव्हाही देव प्रेमच होता, असे ख्रिस्ती माणूस म्हणू शकतो, तो यामुळे.

तो आशीर्वाद पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी येतो. त्याचा क्रम पाहा. सिद्धान्तात पिता पहिला; इथे आरंभ येशूच्या कृपेपासून आहे. माणसाला आधी कृपा भेटते, तिच्यातून देवाची प्रीती कळते आणि मग तो एकटा राहत नाही. सहभागिता देवाशी, तशीच शेजारी उभ्या असलेल्या माणसांशीही.

आमची नमाज संपते तेव्हा आम्ही उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून शांती आणि अल्लाहची कृपा चिंततो. माझी श्रद्धा जिथे होती तिथेच आहे. त्रैक्य मी मानत नाही. पण प्रार्थनेच्या शेवटी माणसाला काय हवे असते, ते मला ठाऊक आहे.

अलीकडे मी त्या मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, ते गणित मलाही सुटलेलं नाही. आई गेली त्या रात्री घरात एकटं वाटलं नाही, एवढं मात्र खरं."