फुलं लाल असतात, पण लालच?

'आहे' आणि 'असायला हवं' यांतला फरक ह्यूमने दाखवला. आज आपण तो एका गाण्यात पाहू. अमेरिकन गायक हॅरी चॅपिन यांचं १९७८चं 'फ्लॉवर्स आर रेड'. शाळेच्या पहिल्या दिवशी एक मुलगा आपल्याच नादात फुलांना हवे ते रंग देतो. बाई म्हणतात, फुलं लाल, पानं हिरवी. तो ऐकत नाही. मग कोपऱ्यात उभं राहण्याची शिक्षा. शेवटी एकटेपणाला भिऊन तो बाईंचंच वाक्य म्हणतो.

आता बघा, फुलं लाल असतात हे काही खोटं नाही. पण बाईंनी विधानाचा नियम केला आणि मुलाच्या कल्पनेला अवज्ञा मानलं.

पुढे गाव बदलतं. नव्या बाई हसतमुख. हवे ते रंग वापर म्हणतात. तरी तो लाल-हिरव्या फुलांच्या रांगाच काढतो. धाक गेला की स्वातंत्र्य परत येतं, असं आपण धरून चालतो. इथे तर कोपरा मागे राहिला, नियम मात्र मुलाबरोबर आला. म्हणून चित्र 'चुकलं' म्हणण्याआधी आपण एवढंच विचारावं : काय काढलंस, सांग बरं?