256 बाइटांचा हुनर पुढे कोण नेणार?

संगणकात मराठी मजकूर साठवला, की प्रत्येक अक्षराला साधारण तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटीचे वेगळे. म्हणजे 256 बाइटांत जेमतेम दीड ओळ मावेल. एवढ्याच जागेत स्वीडनच्या लीनुस ओकेसॉन यांनी 2017 साली एक प्रोग्राम बसवला, 'अ माइंड इज बॉर्न' नावाचा. तो 1982 साली बाजारात आलेल्या कमोडोर 64 या संगणकावर चालतो. सुरू केला की दोन मिनिटांहून जास्त वेळ संगीत वाजते आणि त्याबरोबर पडद्यावर नक्षी बदलत जाते. आत रेकॉर्ड केलेले गाणे नाही की ठेवलेले चित्र नाही, सगळे त्या क्षणी हिशोबाने तयार होते. जर्मनीत झारब्रुकेन शहरी भरणाऱ्या 'रिव्हिजन' मेळाव्यात त्याला पहिला क्रमांक मिळाला. त्या स्पर्धेत 4096 बाइटांपर्यंत मुभा होती, हे विशेष.

या कलेला 'डेमो' म्हणतात आणि ती करणाऱ्या बिरादरीला 'डेमोसीन'. तांदळाच्या दाण्यावर अक्षरे कोरणारा कारागीर आपण पाहिलेला असतो. जागा जितकी कमी, तितकी त्याच्या हाताची परीक्षा मोठी. इथेही तेच. बक्षिसाच्या रकमेसाठी कुणी रात्री जागत नाही. मोठ्या पडद्यावर डेमो दाखवतात, जमलेले लोक मते देतात, आणि 'हे याने केले कसे?' असे जाणकारांनी विचारले की मेहनतीचे चीज झाले.

सुरुवात मात्र फारशी नेक नव्हती. 1980 च्या दशकात युरोपातली पोरे संगणकी खेळांचे कुलूप तोडून प्रती वाटत आणि खेळाआधी आपल्या टोळीच्या नावाची हलती पाटी झळकवत. हळूहळू पाटीच इतकी देखणी झाली, की काहींनी चोरीचा धंदा सोडून नुसती पाटी करायला घेतली. तीच पोरे पुढे कुठे पोहोचली पाहा. 1993 साली फिनलंडमधल्या केरावाच्या 'असेंब्ली' मेळाव्यात 'सेकंड रिअॅलिटी' हा डेमो जिंकणाऱ्या फ्यूचर क्रू गटातल्या मंडळींनी 1995 मध्ये रेमेडी ही कंपनी काढली आणि 'मॅक्स पेन' हा खेळ केला. स्पेनच्या इनिगो किलेझ यांनी साथीदारांसह 2009 मध्ये अवघ्या 4 किलोबाइटांत बर्फाचे डोंगर उभे केले. नंतर पिक्सारच्या 'ब्रेव्ह' चित्रपटातली हिरवळ उगवण्यात त्यांचा हात होता.

मग चिंता कशाची? वयाची. पंधराव्या वर्षी या नादी लागलेले आज पन्नाशीकडे झुकले आहेत. फिनलंडने 2020 साली डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले, तिथल्या सॉना स्नानाच्या पंगतीत. 2021 मध्ये जर्मनी आणि पोलंडनेही तेच केले. आम्हाला यात आनंदाइतकीच धास्तीही वाटते. सरकारी यादीत नाव गेले म्हणजे मान मिळाला खरा, पण शागीर्द मिळाला असे नाही.

शागीर्द मिळणे अवघड का झाले, हेही उघड आहे. पूर्वी संगणकाची स्मृती तुटपुंजी होती, काटकसर ही गरज होती. आज खिशातल्या फोनमध्ये कमोडोरच्या लाखपट जागा असते. शिवाय डेमो आता व्हिडिओ म्हणून पाहिला जातो. 256 बाइटांच्या कामाचा व्हिडिओ कित्येक मेगाबाइटांचा होतो, आणि पाहणाऱ्या मुलाला त्यात थक्क होण्यासारखे काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर याहून गुळगुळीत चित्रे रोज सरकत असतात. चार शब्द सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रेही आली. अनेक मेळाव्यांत चित्रस्पर्धेसाठी काम कसे घडत गेले याचे टप्पे सादर करावे लागतात. हा नियम आता अधिकच कामाचा ठरावा.

तरी आम्ही निराश नाही. मेळाव्यांत एक नवा प्रकार रुजला आहे. दोन जण मंचावर समोरासमोर बसतात, 25 मिनिटांत कोऱ्या पडद्यापासून चित्र घडवतात, आणि त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ प्रेक्षकांना दिसत राहते. उस्तादाचा हात कसा फिरतो, कुठे अडतो, काय खोडतो, हे शिकणाऱ्याला समोर पाहता येते. वारशाच्या यादीपेक्षा आमचा भरवसा या 25 मिनिटांवर जास्त आहे. एक उणीव मात्र जुनीच आहे: या बिरादरीत मुली पहिल्यापासून फार कमी. अर्धी मुले-मुली दाराबाहेर ठेवून वारस कमी पडतात म्हणणे बरे नव्हे.

आपल्या घरांत कोडिंगच्या क्लासवर भरपूर फी जाते. त्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला 'टिक-80' दाखवायला हरकत नाही. ब्राउझरमध्येही चालणारा हा एक काल्पनिक छोटा संगणक आहे. मुद्दाम आखडता केलेला: पडदा 240 बाय 136 ठिपक्यांचा, रंग फक्त 16. त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही. एक ठिपका उमटवायचा, मग तो हलवायचा, मग त्याची लाट करायची. पहिली संध्याकाळ बहुधा लाट वाकडी का जाते हे शोधण्यातच सरते.