वस्तीचें पाणी, शौचकूप आणि आपली विहीर

खत व पाणी यांचें मोल शेतकऱ्यास दुसऱ्या कोणी शिकवावें असें नाहीं. परंतु याच दोन गोष्टी गांवांतील भूमिहीन कुटुंबांच्या संबंधानें पुढें येतात, तेव्हां त्यांचा विचार आपण ग्रामपंचायतीवर अगर सरकारवर टाकून मोकळे होतों. हिंगोली जिल्ह्यापुरता हा प्रश्न तपासला असतां त्याचा बराच भाग आपल्या विहिरीपाशीं व बांधापाशींच सुटण्यासारखा आहे, असें आम्हांस दिसतें. तें कसें, हें येथें सांगावयाचें आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पांच तालुके. पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्या येथील आणि सिद्धेश्वर व इसापूर हीं धरणेंही जवळचींच. तथापि कालव्याखालील पट्टा सोडला तर विहीर व कूपनलिका यांवरच मोठा भरंवसा. आपल्या रानाखालीं काळा बेसाल्ट खडक आहे. त्यांत पाणी सांठतें तें वरच्या मुरुमांत व खडकाच्या भेगांत. म्हणून भाद्रपदांत भरलेली विहीर वैशाखांत तळ दाखविते. त्या दिवसांत ज्यास स्वतःची विहीर नाहीं, त्यास दुसऱ्याच्या बांधावर जावें लागतें. हंडा घेऊन जाणारी बहुधा बाई अगर लहान मुलगी असते, आणि तिला पाण्याबरोबर दोन शब्दही ऐकून घ्यावे लागतात. येथेंच मानाचा प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तें तहान भागविण्याकरितां नव्हे, तर समान हक्क सिद्ध करण्याकरितां. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली व सार्वजनिक विहिरी-तळीं सर्वांस मोकळीं केलीं. २०१० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंही पाणी व स्वच्छतेची सोय हा मानवी हक्क मानला. परंतु खासगी विहिरीवर बराच भार मालकाच्या विवेकावरच राहतो.

आतां हिशेब पाहूं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशननें माणशीं रोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरलें आहे. वीस घरांच्या, शंभर माणसांच्या वस्तीस म्हणजे रोज ५,५०० लिटर. एका एकरास एक इंच पाणी द्यावयाचें तर सुमारें १,०२,००० लिटर लागतें. तेवढ्यांत ही वस्ती अठरा दिवस चालते. पांच अश्वशक्तीचा पंप हें रोजचें पाणी अर्ध्या तासाच्या आंत काढतो. वीज रात्रीं येते ही अडचण खरी. म्हणून बांधावर टाकी बसवून तोटी वस्तीच्या बाजूस काढावी. मग बाईस पंपाची अगर मालकाची वाट पाहावी लागत नाहीं, आणि विहिरीवरील गर्दीही टळते.

पिण्याच्या पाण्याचें निर्जंतुकीकरण अवश्य करावें. चांगली विरंजक भुकटी (ब्लीचिंग पावडर) हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम लागते. चार मीटर व्यासाच्या विहिरींत तीन मीटर पाणी असेल तर तें सुमारें ३७,७०० लिटर भरतें. त्यास ९४ ग्रॅम भुकटी पुरे. ती बादलींत कालवून चुना तळीं बसूं द्यावा, वरचें पाणी विहिरींत सोडून चांगलें ढवळावें व तासाभरानंतर पाणी उपसावें.

पाण्याइतकाच शौचकूपाचा प्रश्न आहे. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानांत पात्र कुटुंबास १२,००० रुपये साह्य देऊन शौचकूप बांधविले गेले. परंतु जेथें पाणी नाहीं तेथें त्यांत सरपण रचलें जातें. ज्यांनीं बंद टाकी बांधली, त्यांच्यापुढें ती भरल्यावर उपसावी कोणीं, हा प्रश्न येतो. हातानें मैला काढावयास कोणासही लावणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि टाकींत उतरलेला मनुष्य विषारी वायूनें मरतो. याकरितां खेड्यास दोन खड्ड्यांचा शौचकूप उत्तम. कणकवलीजवळील गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनीं मैल्याचें खत व भंगीकामांतून मनुष्याची सुटका हे दोन्ही हेतू एकत्र धरून काम केलें, तें याच दिशेचें.

याची रचना सोपी आहे. भांड्यास तीव्र उतार व खालीं पाणी धरून राहणारी वांकडी नळी असली म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यांत मैला वाहून जातो व दुर्गंधी वर येत नाहीं. नळीपुढील कुंडींतून एका वेळीं एकच खड्डा चालू ठेवावा. विटांमध्यें फटी सोडल्यानें पाणी व वायू जमिनींत मुरतात. एक खड्डा सुमारें तीन वर्षांनीं भरला कीं दुसरा सुरू करावा व पहिला दोन वर्षें झांकून ठेवावा. मग त्यांतून काळें, वास नसलेलें, मातीसारखें खत निघतें. तें घरच्या माणसानें फावड्यानें काढण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्या काळ्या मातीस मात्र विशेष काळजी हवी. ती ओली होतांच फुगते व पाणी मुरूं देत नाहीं. म्हणून खड्डा नेहमींपेक्षां मोठा घ्यावा व विटांच्या बाहेरून सर्व बाजूंनीं एक फूट रुंदीचा वाळू-खडीचा थर भरावा. खड्ड्याचा तळ पावसाळ्यांतील पाण्याच्या पातळीपासून दोन मीटर वर असावा, आणि विहीर निदान दहा मीटर दूर, चढाच्या बाजूस असावी. खडकास भेगा असतील तर अंतर याहून पुष्कळ वाढवावें; कारण भेगेंतून घाण न गाळतां थेट झऱ्यास मिळते.

दोन खड्डे व खोली यांस सुमारें दीडशें चौरस फूट जागा पुरते. भूमिहीनास तेवढीही नसते. घरालगतची ती पट्टी आपल्या नांवावर असेल तर ती लिहून देण्यांत गुंठ्याच्या सातव्या भागापेक्षां अधिक जात नाहीं. वृद्ध व अपंग यांच्याकरितां भिंतीस धरावयास दांडा, बसण्यास उंच बैठक व फुटास बारा फूट लांबीचा उतार करावा.

शेवटीं आपल्याच शेतांतील गोष्ट. हळद काढावयास अगर सोयाबीन कापावयास आलेल्या बायका आडोसा नाहीं म्हणून दिवसभर पाणी पीत नाहींत. त्यानें मूत्रमार्गाचे विकार जडतात. बांधावर ताट्यांचा आडोसा, एक खड्डा व पाण्याची घागर एवढी सोय पेरणीपूर्वीं करून ठेवावी. पिकास पाणी वेळेवर लागतें, हें आपण जाणतों. पीक काढणाऱ्या हातांसही तें वेळेवर व मानानें मिळालें पाहिजे.