भाजलेल्या मनुष्याचें रक्त काय सांगतें ?

चुलीवरील आधणाचा थेंब हातावर उडाला असतां फोड येतो व त्यांत पाणी भरतें, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. हें पाणी येतें कोठून ? तें रक्तांतूनच झिरपलेलें असतें. एका फोडानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु अर्धें अंग भाजलें म्हणजे हेंच झिरपणें प्राणावर बेततें.

इ. स. १९२१ मध्यें अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं रिआल्टो नांवाच्या नाटकगृहास आग लागली. येल विद्यापीठांतील प्रोफेसर अंडरहिल यांनीं तेथील भाजलेल्या रोग्यांचें रक्त तपासलें. भाजलेल्या कातडींत विष उत्पन्न होऊन रोगी दगावतो, असा त्या काळीं पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. अंडरहिल यांस मात्र रक्त दाट झालेलें आढळलें. त्यांतील हीमोग्लोबिन नामक तांबड्या द्रव्याचें प्रमाण वाढलें होतें. आमटी आटली म्हणजे खारट लागते. मीठ कोणी वाढविलेलें नसतें, पाणी मात्र उडालेलें असतें. तसाच हा प्रकार. रोग्याच्या शरीरांत पाणी व क्षार भरून काढण्याच्या उपचारास यामुळें बळकटी आली.

पुढें १९६१ सालीं बो नांवाच्या फ्रेंच डॉक्टरांनीं एक सोपें गणित सांगितलें. रोग्याचें वय आणि शेंकडा किती कातडी भाजली तो आंकडा, यांची बेरीज करावी. बेरीज जितकी मोठी तितकी आशा कमी. गणित उपयोगी खरें. परंतु सारख्याच बेरजेच्या दोन रोग्यांपैकीं एक वांचतो व दुसरा जातो, याचा उलगडा त्यानें होत नाहीं. म्हणून आजचे डॉक्टर पुन्हां रक्ताकडे वळतात.

शर्यतींत जोरानें धांवल्यावर स्नायूंत जें लॅक्टेट तयार होतें, तें भाजलेल्या रोग्याच्या रक्तांतही वाढतें. कारण अवयवांस पुरेसा प्राणवायु पोंचत नाहीं. निरोगी मनुष्यांत तें दर लिटरास २ मिलिमोलांहून कमी असतें. उपचारानंतर दिवसभरांत तें उतरलें तर चिन्ह चांगलें. चढेंच राहिलें तर काळजीचें. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, पहिले कांहीं दिवस कमी होतात व नंतर वाढतात. त्या वाढल्या नाहींत तर डॉक्टर सावध होतात. पुढें जंतूंची भीति. ताप भाजण्यानेंही येतो, त्यामुळें तेवढ्यावरून कांहीं ठरत नाहीं. तेथें प्रोकॅल्सिटोनिन नांवाचें द्रव्य मोजतात. पण मोठ्या भाजण्यांत जंतूंवांचूनही तें थोडें चढतें, तेव्हां तोही साक्षीदार उलटतपासणीशिवाय मानूं नये, असें आम्हांस वाटतें.

दवाखान्याच्या दारांत उभी असलेली आई एकच विचारते : माझें मूल वांचेल ना ? याचें उत्तर यांपैकीं कोणताही आंकडा देत नाहीं. आंकडे शंभर रोग्यांविषयीं बोलतात. तिचें मूल एकच असतें. त्या मुलाच्या हातास रोज सुई कां टोंचितात, हेंही तिला कळत नाहीं. कारण इतकेंच कीं, आजचा आंकडा एकटा फारसा बोलत नाहीं. कालच्या आंकड्याशेजारीं ठेविला म्हणजे पाणी अधिक द्यावें, औषध बदलावें, कीं आहे तेंच चालू ठेवावें, हें ठरवितां येतें.