गाडी ऑइल खातेय? आधी मोजा, मग खोला

या आठवड्याच्या व्हिडिओत मी दोन काळेकुट्ट, तेलकट स्पार्क प्लग दाखवले होते. ते ज्या गाडीचे, तिची पूर्ण गोष्ट इथे लिहितोय. जुन्या गाड्यांचं काम धंदा म्हणून करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी नीट वाचा. हा धडा मला महागात पडलेला आहे.

गाडी १९७० ची फियाट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन. मालक काका म्हणाले, "पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल लागतं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन बांधावं लागेल, रिंग गेल्यात."

चार वर्षांपूर्वी मीही हेच सांगितलं असतं. तेव्हा अशाच एका गाडीच्या मी डोळे झाकून रिंगा बदलल्या. गाडी परत आली, ऑइल आधीपेक्षा जास्त खात होती! कारण असं की व्हॉल्व गाइड झिजले होते, आणि नव्या रिंगांनी इंजिनचा व्हॅक्यूम सुधारला, त्यामुळे त्या ढिल्या गाइडमधून ऑइल आणखी ओढलं जायला लागलं. दुसऱ्यांदा हेड उतरवलं ते माझ्या खर्चाने. गिऱ्हाईक तरीही गेलं ते गेलंच.

त्यामुळे काकांची गाडी आली तेव्हा मी पाना हातात घेतलाच नाही. सपाट जागेवर, गाडी थंड असताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि काकांना पाचशे किलोमीटर चालवून यायला सांगितलं. मग मापाच्या भांड्याने परत भरलं. लागलं ६०० मिली. 'लिटर' कुठून आला? बाटली लिटरची मिळते, काका अख्खी ओतायचे! जास्त भरलेलं ऑइलसुद्धा इंजिनला त्रासच देतं.

मग रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी दोनच डाग, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखाली. म्हणजे बहुतेक ऑइल जळत होतं. ब्रीदरचा पाइपही बघितला, तो चोंदला की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो. इथे साफ होता.

आता धूर. गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचाराच: निळा धूर नेमका कधी येतो? चढावर जोर लावताना येत असेल तर संशय रिंगांवर. काका म्हणाले, "कसारा घाट उतरून खाली आलो आणि ॲक्सिलरेटर दिला की मागे ढग." गिअरमध्ये पाय काढून उतरताना व्हॅक्यूम वाढतो, गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं, आणि मग एकदम जळतं.

शेवटी कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही सिलिंडर जवळपास सारखे दाखवत होते. प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, आकडा फारसा वाढला नाही. रिंग गेल्या असत्या तर चांगला उसळला असता. (अर्थात, खालची ऑइल रिंग जाम असूनही कॉम्प्रेशन बरं येऊ शकतं, म्हणून एकाच टेस्टवर विसंबू नका.) तेलकट प्लग फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे होते.

हेड उतरवलं. त्या दोन सिलिंडरच्या गाइडमध्ये व्हॉल्व हाताने हलत होता. मी आठही गाइड बदलले, सीट घासल्या, बोअरला हात लावला नाही. पुढच्या पाचशे किलोमीटरला १०० मिली लागलं. या वयाच्या इंजिनला एवढं चालतं.

आता पैशाचं. तपासणीचे मी वेगळे १,५०० रुपये घेतले, काम सुरू करण्याआधी सांगून. नवीन मुलं इथेच लाजतात, "बघायचे कसले पैसे?" म्हणतात. मग ते पैसे वसूल करायला नको तेव्हा इंजिन खोलतात. काकांना मी सगळे आकडे एका कागदावर लिहून दिले. त्यांनी तो फोल्डरमध्ये आरसी बुकाशेजारी ठेवलाय, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या ओळखीची एक ॲम्बॅसडर माझ्याकडे आली. तीही ऑइल खाते म्हणे. सध्या पुठ्ठ्यावर उभी आहे.