आधी स्क्रू ड्रायव्हर, मग भट्टी
जुना कॉम्प्युटर भंगाराच्या गाळ्यात आला की तो आधी फोडत नाहीत, खोलतात. कॅबिनेटचे पत्रे बाजूला झाले की वायरींचे जुडगे निघते, मग पॉवर सप्लायचा डबा, हार्ड डिस्क, रॅमच्या पट्ट्या, प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, सरतेशेवटी मदरबोर्ड. त्याच्यावरची बटणाएवढी लिथियमची बॅटरी तेवढी लगेच काढून वेगळी ठेवावी लागते, कारण चिरडली गेली तर तीच पेट घेते. खरे कसब दिसते ते पुढच्या वाटणीत. पॉवर सप्लायमधली तांब्याची वेटोळी एकीकडे, हार्ड डिस्कचे अ‍ॅल्युमिनियमचे घर दुसरीकडे, तिच्या आतले निओडिमियमचे चुंबक आणखी कुठे. रॅमची सोनेरी कड आणि पॉवर सप्लायमधला साधा तपकिरी बोर्ड एका भावाने विकले जात नाहीत. जुने सिरॅमिकचे प्रोसेसर तर वेगळ्या डब्यातच जातात. प्लास्टिक ओळखायचे ते वाकवून, ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून, नाहीतर मिठाच्या पाण्यात टाकून. आग रोखणारी ब्रोमीनची रसायने मिसळलेले प्लास्टिक जड असते, ते बुडते. या वाटणीला आपण अकुशल काम समजतो आणि त्यामुळे सगळ्या साखळीचेच नुकसान करून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुकसान मोजता येते. कॉम्प्युटरच्या एक टन बोर्डांमध्ये शंभर ग्रॅमहून अधिक सोने असू शकते. खाणीतल्या एक टन खनिजात पाच-दहा ग्रॅम मिळाले तरी ती खाण चांगली समजतात. पण हे सोने अतिशय पातळ थरांत, शेकडो जोडांवर पसरलेले असते. अख्खे यंत्र थेट श्रेडरमध्ये घातले की ते भुकटी होऊन लोखंडाला आणि प्लास्टिकला चिकटून निघून जाते. जर्मनीतल्या अशा एका यांत्रिक प्रक्रियेची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सोन्याचा आणि पॅलेडियमचा जेमतेम चौथा हिस्सा परत मिळवता येईल अशा ढिगांत पोचला होता. दुसऱ्या टोकाला दिल्लीच्या सीलमपूरसारख्या किंवा मुरादाबादसारख्या ठिकाणची तेजाबाची पद्धत आहे. तिथे बोर्ड आचेवर धरून सुटे भाग उपटतात, मग तेजाबात बुडवतात. वर दिसणारे सोने थोडेफार सुटते, पॅलेडियम आणि कथील मात्र बहुतेक गटारात जाते, आणि शिशाचा धूर कामगाराच्या छातीत. याउलट बेल्जियममधल्या होबोकेनच्या युमिकोरसारख्या भट्टीत सोन्याचा जवळजवळ सगळा अंश हाती येतो, शिवाय इतर कितीतरी धातू. म्हणजे हाताने नेमके वेगळे केलेले बोर्ड जर नेमक्या भट्टीत गेले, तर दोन्ही टोकांची गळती थांबते.

यावर पहिला आक्षेप वेगाचा. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. तो काय हातांनी खोलायचा? सगळा नव्हेच. कीबोर्ड किंवा मिक्सर खोलत बसण्यात अर्थ नाही. परंतु कॉम्प्युटर, सर्व्हर आणि मोबाइल यांत मोलाचा माल थोड्या जागेत एकवटलेला असतो, आणि तो काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा खुशाल यंत्रात जावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विषारी कामाचे हे समर्थन झाले. हे काम निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. पिक्चर ट्यूबच्या मागच्या काचेत भरपूर शिसे असते, जुन्या एलसीडीच्या दिव्यांत पारा असतो, धूळही साधी नसते. पण या धोक्यांवर मास्क, हातमोजे, हवा खेचणारा पंखा आणि ट्यूब न फोडण्याची सक्ती असे उपाय आहेत. उघड्यावरच्या तेजाबाला आणि वायरी जाळण्याला मात्र कोणताही उपाय नाही, ते बंदच व्हायला हवे. छापे पडतात तेव्हा हा फरक कोणी करत नाही. खोलणारा आणि जाळणारा एकाच गाडीत बसवले जातात.

कायद्यातही हे धरसोडीचेच आहे. २०१६ च्या नियमांत सुटे करणाऱ्यांचा वेगळा, परवानाधारक वर्ग होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत नोंदणीसाठी तो उरला नाही. मात्र या कामगारांची ओळख आणि नोंदणी ही राज्याची जबाबदारी असल्याचे त्याच नियमांत लिहिले आहे. महाराष्ट्राला हे अवघड नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने नव्वदच्या दशकातच कचरावेचकांना पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवून दिली होती. पण नुसत्या ओळखपत्राने भागणार नाही. मोठी भट्टी टनांनी माल घेते आणि नमुना तपासून झाल्यावर पैसे देते. गाळ्यातल्या माणसाला संध्याकाळी रोख लागते, आणि ती तेजाबवाला देतो. म्हणून प्रभागापाशी बोर्ड वजन करून, प्रतवारी पाहून तिथल्या तिथे पैसे देणारे सहकारी खरेदी केंद्र आधी हवे. त्यासाठी लागणारे खेळते भांडवल ज्या कंपन्यांवर नियमांनी कचऱ्याची जबाबदारी टाकली आहे त्यांच्याकडून घ्यावे.