धडधडत्या हृदयाचा स्थिर फोटो

आमच्या शाळेत दरवर्षी वर्गाचा फोटो निघतो. फोटोग्राफर "हलू नका" म्हणतो, तरी एखादा मुलगा मान वळवतोच आणि नेमका त्याचा चेहरा पुसट येतो. मुलाला दटावता येते, पण हृदयाला कोण थांबवणार? ते दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडते.

गेल्या वर्षी खालाजानचा हृदयाचा सीटी स्कॅन ठरला, तेव्हा हे सारे समजून घ्यावे लागले. हृदयातून शरीराकडे रक्त जाते त्या वाटेवरची त्यांची झडप कॅल्शियम साचून अरुंद झाली होती. छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायची होती. फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ साली अशी पहिली झडप बसवली.

छाती उघडायची नाही, म्हणजे झडपेचे माप स्कॅनवरूनच घ्यायचे. झडप लहान पडली तर कडेने रक्त गळते. फार मोठी पडली तर आतली भिंत फाटण्याचा धोका असतो. प्रश्न मिलिमीटरचा असतो. पुसट चित्रावर ते माप कसे घेणार?

त्यासाठी आधी छातीवर ईसीजीच्या तारा लावतात. प्रत्येक ठोक्याची चाल साधारण सारखी असते. कोणते चित्र ठोक्याच्या कोणत्या क्षणी टिपले, हे त्यावरून कळते आणि त्या-त्या क्षणाची चित्रे एकत्र जोडता येतात. तरीही पुसटपणा उरला, तर काही यंत्रांत संगणक मदतीला येतो. लागोपाठच्या क्षणांची चित्रे ताडून कोणता भाग किती सरकला हे तो शोधतो आणि तेवढी दुरुस्ती करतो.

नाडी मंद करणारे औषध दिले की चित्र स्वच्छ येते. पण झडप फार अरुंद असेल तर ते औषध जपूनच द्यावे लागते. अशा रुग्णांना ही दुरुस्ती विशेष उपयोगी पडते.

मात्र सगळे काही संगणकावर सोडून चालत नाही. स्कॅनच्या वेळी काही सेकंद श्वास रोखावा लागतो. खालाजान म्हणाल्या, "बेटा, माझा तर जिना चढताना दम भरतो. मला कसं जमणार?" डॉक्टरांना विचारून आम्ही घरीच सराव केला. मी बोटांवर मोजायचे, त्या श्वास धरायच्या. पहिल्या दिवशी पाचपर्यंत गेल्या, आठवड्याने दहापर्यंत.

घरात कुणाचा असा स्कॅन असेल तर तीन गोष्टी आधीच सांगा: ठोके अनियमित पडतात का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का आणि मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी शेवटच्या दोन्ही बाबी महत्त्वाच्या असतात. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

स्कॅन झाल्यावर खालाजानने बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "मी हलले तर नाही ना?"

नव्हत्या हलल्या. माप पहिल्याच वेळी मिळाले.